पॉवर विंडो अडकली? मोटर बदलण्याआधी या चुका टाळा

मेअखेरच्या नवतप्यात नागपूरचा पारा ४५ च्या आसपास गेला की दिवसभर उन्हात उभ्या राहणाऱ्या जुन्या गाड्यांच्या काचा अर्ध्यावर अडकू लागतात. लगेच निदान होतं, ‘मोटर गेली’. पुष्कळदा मोटर चांगली असते. काच ज्या रबरी रन चॅनलमधून सरकते ते उन्हाने कडक होतं, त्यात धूळ बसते आणि काच ओढायला मोटरला जास्त जोर लागतो.

अशा वेळी बटण दाबून धरणं ही पहिली चूक. अडकलेली मोटर जास्त करंट खेचते आणि तापते. बऱ्याच मोटरींमध्ये त्यासाठी आत थर्मल कट-आउट, म्हणजे तापल्यावर करंट तोडणारा स्विच असतो. त्याने करंट तोडला की मोटर मेल्यासारखी गप्प होते, पण थंड झाल्यावर पुन्हा चालते. गाडी सावलीत लावा, १५-२० मिनिटं थांबा आणि मगच एकदा बटण दाबून बघा.

पुढची चूक खर्चाची: तपासणी न करता नवी मोटर आणणं. इंजिन बंद, इग्निशन ऑन आणि केबिनचा दिवा लावून बटण दाबा. दिवा मंद झाला तर करंट मोटरपर्यंत जातो आहे, म्हणजे अडचण काच, रबर किंवा मशीनमध्ये (काच वर-खाली करणाऱ्या यंत्रणेत) आहे. क्वचित मोटरच जाम झालेली असते. दिवा जराही मंद झाला नाही तर फ्यूज, स्विच, वायर किंवा मोटरचे कार्बन ब्रश बघा. चारही काचा चालत नसतील तर आधी फ्यूज आणि रिले (करंट चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच) बघा. फ्यूज उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा टाका. २० च्या जागी ३० टाकला तर फ्यूज टिकेल, पण तापेल ती दरवाजातली वायर.

फक्त मागची काच चालत नसेल तर ड्रायव्हरकडचं विंडो लॉक बटण बघा. अनेक जुन्या गाड्यांत मागच्या मोटरची अर्थिंगची (ग्राउंडची) जोडणी ड्रायव्हरच्या मास्टर स्विचमधून जाते. त्या स्विचचे पॉइंट काळे पडले की मागच्या दरवाजाचं स्वतःचं बटणही चालत नाही, आणि मिस्त्री विनाकारण मागचा दरवाजा खोलून बसतो. मास्टर स्विच काढून काँटॅक्ट क्लीनरने साफ करा.

बिजागरीजवळच्या रबरी नळीतून दरवाजात जाणारी वायर विसरू नका. हजारो वेळा दुमडून तिच्या तारा आतून तुटतात. बटण दाबून ठेवत दुसऱ्याला दरवाजा हळूहळू उघड-बंद करायला सांगा. एखाद्या कोनात काच हलली तर दोष तिथेच. मीटरने तपासताना मोटरचा प्लग जोडलेला ठेवा आणि बटण दाबलेलं असताना मोजा. प्लग काढून मोजलं तर एका तारेवर टिकलेली वायरही पूर्ण १२ व्होल्ट दाखवते. लोडवर १० च्या खाली आले तर वायर किंवा स्विच खराब आहे. जोड नुसता पिळून टेप मारू नका, सोल्डर करून हीट-श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा.

आता सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक: रबरात तेल किंवा ग्रीस. पेट्रोलियम तेलाने रबर फुगतं आणि वर्धा रोडची धूळ त्यात कालवली जाऊन घट्ट लेप होतो. काच आठवडाभर पळते, मग आधीपेक्षा जड होते. त्याऐवजी काच खाली करा, प्लास्टिकच्या पातळ पट्टीला साबणपाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळून दोन्ही बाजूंचं चॅनल आतून पुसा, वाळू द्या आणि सिलिकॉन स्प्रे मारा. काच दोन-तीनदा वर-खाली करून बाहेर आलेला मळ टिपा. तळव्यांनी आधार दिल्यावरच काच वर जात असेल आणि रबर चिरलेलं असेल तर रबर बदला. लिथियम ग्रीस लावायचं ते मशीनच्या लोखंडी पट्टीला, रबराला नाही.

मोटर फिरल्याचा आवाज येतो आणि काच जागेवरच, किंवा कटकट होऊन काच खाली पडली, तर मशीनची केबल किंवा काच धरणारी प्लास्टिक क्लिप तुटली आहे. केबलला गाठ मारून भागत नाही, पूर्ण मशीन बदला.

डोअर पॅड (दरवाजाचं आतलं आवरण) काढताना हँडलच्या वाटीमागचे आणि आर्मरेस्टमधले लपलेले स्क्रू आधी शोधा, नाहीतर पॅड फाटतं. साइड एअरबॅग असेल तर मॅन्युअलप्रमाणे आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. मशीनचे बोल्ट सैल करण्याआधी काच वर करून मास्किंग टेपच्या तीन-चार पट्ट्यांनी फ्रेमला बांधा. कात्री पद्धतीच्या (एकमेकांना छेदणाऱ्या दोन पट्ट्यांच्या) मशीनला ताणलेली स्प्रिंग असते. दातेरी पट्टी शिकंज्यात पकडल्याशिवाय मोटर सोडवली तर ती झटक्याने फिरते आणि बोट जाऊ शकतं.

पॅडमागचा प्लास्टिकचा पडदा फाडून फेकू नका. पावसाळ्यात काचेवरून दरवाजात उतरणारं पाणी तो केबिनमध्ये येऊ देत नाही; ते दरवाजाच्या खालच्या भोकांतून बाहेर पडतं. ती भोकं तारेने मोकळी करा.

बसवताना काचेचे बोल्ट हलके ठेवा, काच पूर्ण वर नेऊन फ्रेममध्ये सरळ बसू द्या, मग आवळा. पॅड लावण्याआधी चार-पाच वेळा चालवून बघा. ऑटो-अप (एकदा बटण दाबल्यावर काच आपोआप पूर्ण वर जाणं) असेल तर मॅन्युअलमधल्या पद्धतीने पुन्हा सेट करा, नाहीतर काच वर पोहोचून परत खाली येत राहील.