मशीनवरच्या हार्ट ऑपरेशननंतर फुप्फुसं कशी सांभाळायची

हार्ट सर्जरीच्या आयसीयूत मी फिजिओथेरपिस्ट आहे. ऑपरेशन छान झालं असं सर्जन सांगून जातात, घरचे निर्धास्त होतात, आणि दुसऱ्या दिवशी मला विचारतात, "मॅडम, दुखणं हृदयाचं होतं, मग ऑक्सिजन का कमी?"

ऑपरेशन चालू असताना हृदयाचं आणि फुप्फुसांचं काम हार्ट-लंग मशीन करतं. फिलाडेल्फियाच्या जॉन गिबन यांनी ६ मे १९५३ला ते पहिल्यांदा यशस्वीपणे वापरलं. यंत्र तेव्हापासून खूप सुधारलं, पण रक्त अजूनही प्लास्टिकच्या नळ्यांतूनच फिरतं. शरीराला ते परकं वाटतं आणि पांढऱ्या पेशी खवळतात. त्या फुप्फुसांतल्या केशवाहिन्यांत जाऊन अडकतात. फुप्फुसं तोवर मिटून पडलेली असतात, त्यांना रक्तही नावापुरतंच मिळत असतं. रक्तप्रवाह पूर्ववत झाला की केशवाहिन्या पाझरू लागतात आणि फुप्फुसांना सूज येते. बहुतेकांची सूज थोडी असते, काही दिवसांत उतरते. मोजक्यांची मात्र एआरडीएसपर्यंत जाते, म्हणजे फुप्फुसं सुजून रक्ताला पुरेसा ऑक्सिजन देऊ शकत नाहीत.

म्हणून आधीच विचारून ठेवा, ऑपरेशन पंपावर, म्हणजे याच मशीनवर होणार, की मशीनशिवाय धडधडत्या हृदयावर? बायपास दोन्ही प्रकारे होते. झडप बदलायला छाती उघडणार असतील तर मशीन लागतंच.

सूज उतरवणं आमच्याकडे सोडा. व्हेंटिलेटरचे श्वास लहान ठेवतात, तेही उंचीवरून हिशोब करून, कारण माणूस जाड झाला म्हणून फुप्फुस वाढत नाही. "स्टेरॉइड द्या ना" असं बरेच जण सुचवतात. सात हजारांवर रुग्णांच्या २०१५च्या चाचणीत सरसकट स्टेरॉइड देऊन मृत्यू कमी झाले नाहीत. डॉक्टरांशी बोलताना 'पीएफ रेशो' विचारा, म्हणजे दिलेल्या ऑक्सिजनच्या मानाने रक्तात किती पोचतो त्याचा आकडा. ५० टक्के ऑक्सिजनवर रक्तातला ऑक्सिजनचा दाब ९० असेल, तर ९० भागिले ०.५, म्हणजे १८०. तीनशेच्या खाली काळजी सुरू होते, शंभराच्या खाली परिस्थिती गंभीर. एका आकड्यावर रडू नका, सकाळचा आणि संध्याकाळचा ताडून बघा.

तुमच्या हातात आहे ते फुप्फुसांचा तळ उघडा ठेवणं. टाके दुखतात म्हणून पेशंट उथळ श्वास घेतो, तळाचा भाग मिटतो, बेडका साचतो आणि न्यूमोनियाला आयतीच जागा मिळते.

तयारी ऑपरेशनच्या तारखेआधीच सुरू करा. विडी-सिगारेट आजच बंद; महिनाभर आधी सुटली तर फारच उत्तम. दात, हिरड्या दाखवून घ्या. आणि तीन गोळ्यांचं स्पायरोमीटर, म्हणजे श्वास ओढून प्लास्टिकच्या गोळ्या वर उचलायचं व्यायामाचं साधन, घरीच शिका, कारण गुंगीत काही शिकून होत नाही.

दहातले निम्मे त्यात फुंकतात. फुंकायचं नाही, ओढायचं! ताठ बसा, आधी श्वास पूर्ण सोडा, नळी ओठांत घट्ट धरा आणि ताकातली लोणी-गोळी न फुटता वर यावी तसं सावकाश ओढा. तिन्ही गोळ्या धाडकन वर आदळणाऱ्या काकांपेक्षा एकच गोळी तीन सेकंद तरंगत ठेवणाऱ्या आजी मला जास्त आवडतात. जागेपणी दर तासाला दहा श्वास, मध्ये थांबत, नाहीतर चक्कर येते. मग उशी छातीशी घट्ट कवटाळून दोन-तीनदा खोकायचं. दुखतंय म्हणून खोकला दाबू नका; वेदनाशामक मागून घ्या आणि अर्ध्या तासाने व्यायाम करा.

पाठ टेकवून सपाट झोपवू नका, उशाकडची बाजू उंच हवी. परवानगी मिळाली की लगेच खुर्चीत बसवा.

आणि कृपा करून चोरून नारळपाणी देऊ नका. घसा कोरडा पडतो, जीव तुटतो, समजतं मला. पण आम्ही लघवीचं इंजेक्शन देऊन पाणी काढत असतो आणि उशीखाली शहाळ्याची बाटली सापडते. ओठ ओले करा, ठरवून दिलेलं पाणी घोट-घोट द्या.

घरी आल्यावर रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर वजन करा. दिवसात किलोभर किंवा आठवड्यात दोन किलो वाढलं, आडवं झालं की धाप लागू लागली, ताप आला किंवा बेडका हिरवट-पिवळा झाला, तर त्याच दिवशी फोन करा. ऑक्सिमीटर बसल्या जागी ९२च्या खाली राहत असेल, किंवा अचानक दम लागून छातीत दुखलं, तर फोनची वाट न बघता थेट कॅज्युअल्टी गाठा. डिस्चार्ज कार्ड आणि चालू गोळ्यांची पिशवी सोबत न्या, रक्त पातळ करणारी गोळी कोणती हे तिथे पहिल्यांदा विचारतात.