डाइव्हच्या ट्रिपसाठी माशांचं पुस्तक घेताना

ओपन वॉटरचं कार्ड, म्हणजे स्कूबा डायव्हिंगचं पहिलं प्रमाणपत्र, हातात पडलं की पुढची खरेदी ठरलेली असते, माशांचं पुस्तक. वर आल्यावर बोटीत सगळे ‘तो काळ्या शेपटीचा बघितलास का’ म्हणत असतात आणि आपण नुसती मान डोलावतो. ही चिडचिड माझी अजूनही पूर्ण गेलेली नाही, त्यामुळे घाई समजू शकतो. पण पैसे टाकण्याआधी थोडं थांबा. परदेशी, गुळगुळीत कागदाची ही पुस्तकं महाग असतात आणि एकदा घेतलं की तेच वर्षानुवर्षं वापरलं जातं, चुकीचं असलं तरी.

मुखपृष्ठावरचा ‘दोन हजार प्रजाती’ हा आकडा विसरा. आधी आतला नकाशा उघडा.

कॅरिबियनचं पुस्तक जुन्या बाजारात स्वस्त मिळतं, ते आपल्याकडे चालत नाही, हे बहुतेकांना कळतं. खरा घोळ ‘इंडो-पॅसिफिक’ या शब्दात आहे. मीही त्यातच अडकलो. आपल्याला वाटतं, नावात ‘इंडो’ आहे म्हणजे हिंदी महासागर आला. पण हा पट्टा पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून थेट पॉलिनेशियापर्यंत पसरलेला आहे. फोटोग्राफर जास्त फिरतात ते इंडोनेशिया, फिलिपिन्स, पापुआ न्यू गिनी, ग्रेट बॅरियर रीफकडे. म्हणून अशा बऱ्याच पुस्तकांत पॅसिफिकचा मासा पानभर आणि त्याचा हिंदी महासागरातला भाऊबंद कोपऱ्यात एका ओळीत, किंवा तेवढाही नाही.

यातून नुकसान काय होतं ते नीट सांगतो, कारण सुरुवातीला ते लक्षातच येत नाही. मालदीवला निग्रिपेस नावाचा क्लाउनफिश असतो. अंग नारिंगी, डोक्यामागे एकच पांढरा पट्टा, पोटाखालचे पर काळे. हा मासा मालदीव, लक्षद्वीप, श्रीलंका एवढ्याच भागातला. पॅसिफिकच्या पुस्तकात तो सापडणारच नाही. सापडतो तो मेलॅनोपस, त्यालाही डोक्यावर एकच पट्टा. नवखा डायव्हर खूश होऊन लॉगबुकात (डाइव्हच्या नोंदवहीत) मेलॅनोपस लिहून टाकतो. पुस्तक कधीच म्हणत नाही की हा मासा माझ्यात नाही. ते जवळचा कोणीतरी पुढे करतं आणि आपण तो घेतो. रिकामं पान दिसलं असतं तर निदान शंका तरी आली असती.

अंदमानला गोष्ट आणखी गुंतते, कारण तिथे दोन्हीकडची वस्ती आहे. हॅवलॉकच्या (आता स्वराज द्वीप) रीफवर पांढऱ्या अंगावर दोन दिशांना तिरक्या रेषा असलेला बटरफ्लायफिश दिसला, तर तो वॅगाबुंडस असेल किंवा डेकुसाटस. फरक मागच्या भागात बघायचा. वॅगाबुंडसला मागे काळा पट्टा आणि त्यामागे पिवळा रंग. डेकुसाटसचा पाठीवरचा आणि खालचा पर मागच्या बाजूला पूर्ण काळा. पुस्तकात दोघं शेजारी छापलेले हवेत. एकच असेल तर त्या पुस्तकाच्या भरवशावर अंदमानला जाऊ नका.

म्हणून दुकानात किंवा ऑनलाइन नमुना पानांवर माझी परीक्षा अशी असते: निग्रिपेस आहे का, डेकुसाटस आहे का, आणि कोलारे बटरफ्लायफिश आहे का. कोलारे म्हणजे तपकिरी अंगाचा, डोळ्यामागे पांढरी पट्टी, शेपटीच्या मुळाशी लाल. अंदमान, मालदीव दोन्हीकडे भरपूर. तिघंही असतील तर पुस्तक हिंदी महासागर मनावर घेऊन केलेलं आहे. मग एम्परर एंजलफिशचं पान बघा. मोठा मासा पिवळ्या-निळ्या आडव्या रेघांचा. पिल्लू गडद निळं आणि त्यावर पांढरी वर्तुळं. दोन्ही फोटो नसतील तर पुस्तक ठेवून द्या. पॅरटफिशमध्येही नर-मादीचे रंग इतके वेगळे की पूर्वी शास्त्रज्ञांनीच त्यांना वेगवेगळ्या प्रजाती म्हणून नावं दिली होती. तेव्हा आपलं चुकलं तर फार लाजायचं कारण नाही.

छपाईचं सालही बघा. 2009 साली मँटा रेच्या दोन प्रजाती वेगळ्या केल्या गेल्या, त्याआधीच्या पुस्तकांत बहुधा एकच मिळेल. मालदीवला जास्त करून दिसते ती रीफ मँटा, आणि जुनं पुस्तक तिला दुसरीचं, म्हणजे खुल्या समुद्रातल्या ओशनिक मँटाचंच नाव देणार. बटरफ्लायफिशसाठी जुनी आवृत्ती खुशाल घ्या, मँटासाठी नको.

फोटो की चित्रं, यावर लोक भांडतात. माझं मत चित्रांच्या बाजूने, निदान पहिल्या पुस्तकासाठी. फोटो फ्लॅशने काढलेले असतात. पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी जातो, पाच-सात मीटरवरच तो मंदावतो, आणि अठरा मीटरवर पुस्तकातला लालभडक सोल्जरफिश तुम्हाला करडा-काळा दिसतो. टॉर्च मारला की लाल परत येतो. चित्रांत रंग तसेच असले तरी चित्रकार आकार आणि खुणा स्पष्ट दाखवतो, आणि ओळख आकारावरून सुरू करायची असते. पोहण्याची ढब बघा: रास (wrasse) नावाचे मासे आणि पॅरटफिश छातीचे पर वल्ह्यासारखे मारत जातात, ट्रिगरफिश पाठीचा आणि खालचा पर लहरत नेतो. एवढं पकडलं की कुळ कळतं, आणि शोध दोन हजारांवरून पाच-पन्नासावर येतो.

एक जवळून बघण्यासारखी गंमत. क्लीनर रास मोठ्या माशांच्या अंगावरचे परजीवी खातो, आणि त्याची हुबेहूब नक्कल करणारा एक ब्लेनी असतो, जो साफसफाईच्या नावाखाली पर कुरतडतो. रंग तोच, पट्टा तोच. फरक तोंडात: रासचं तोंड चेहऱ्याच्या अगदी टोकाला, ब्लेनीचं खाली, नाकाच्या आड. चांगल्या पुस्तकात हे दोघं समोरासमोर असतात.

आता स्पष्टच सांगतो. नावं पाठ करण्याआधी त्रास देणारे प्राणी शिका: लायनफिश, स्टोनफिश, स्कॉर्पियनफिश, फायर कोरल आणि टायटन ट्रिगरफिश. हा शेवटचा घरट्यावर असला की अंगावर येतो. त्याचा इलाका घरट्यावरून वरच्या दिशेला उलट्या शंकूसारखा रुंदावत जातो. घाबरून वर पळालात तर त्याच्याच हद्दीत राहता, शिवाय वेगाने वर जाण्याचा धोका वेगळाच. आडवं, बाजूला पोहत निघा. हे पान ज्या पुस्तकात नाही, ते कितीही देखणं असो, एकमेव पुस्तक म्हणून घेऊ नका.

मालवणला जात असाल तर जाडजूड पुस्तकाचा खर्चच करू नका. पाणी हिरवट, दृश्यमानता कमी, फोटोतलं निळं जग तिथे मिळत नाही. पाण्यात नेता येणारं प्लास्टिकचं कार्ड पुरे. बाकीचं बोटीवरच्या मंडळींना विचारा. तारकर्लीकडचे बरेच गाइड मासेमारांच्या घरातले आहेत, तांबोशी आणि शेवंड त्यांना लांबूनही कळते. ‘ता केंड. हात लावू नको, फुगतला,’ असं मला तिथल्या एका दादाने सांगितलं होतं आणि पफरफिश माझ्या कायमचा लक्षात राहिला. उलट काही इन्स्ट्रक्टर प्रत्येक नारिंगी माशाला निमो म्हणून मोकळे होतात. अशा माणसाकडून उतरण्याचं तंत्र शिका, मासे नको. स्लेटवर (पाण्यात लिहायच्या पाटीवर) नाव लिहून दाखवणारा डाइव्हमास्टर मिळाला तर मात्र त्याला सोडू नका.

ॲपला फोटो दाखवून नाव विचारण्याची सोय आता आहे. आयनॅचरलिस्ट मीही वापरतो. पण त्याचा पहिला अंदाज उत्तर समजू नका, तिथे जाणकार दुजोरा देतात तोवर थांबा. नाव मिळालं की फिशबेस या माशांच्या माहितीच्या वेबसाइटवर तो मासा त्या देशाच्या यादीत आहे का ते तपासा. वर सांगितलेला मेलॅनोपस तिथेच पकडला जातो.

देशातल्या विमानात सामानाची मर्यादा बहुधा पंधरा किलो, त्यात फिन्स आणि रेग्युलेटर (श्वास घ्यायचं यंत्र). जाड पुस्तक घरी राहू द्या. हव्या त्या पानांचे फोटो मोबाईलवर घ्या आणि रात्री हॉटेलवर लॉगबुक लिहिताना उघडा. ओळख पटली नाही तर ‘बटरफ्लाय, मागचा पर काळा, जोडीने’ एवढंच लिहा, नाव घरी शोधता येतं. मालवणचा सीझन ऑक्टोबरात उघडतो. पुस्तक मागवायचं तर जूनमध्येच मागवा, पावसाळाभर चाळायला मिळेल.