साइडमाउंट डायव्हिंग: आधी अंगवळणी पाडा, मग सामान घ्या

पाठीवर एक सिलिंडर बांधून डायव्ह करणाऱ्याला साइडमाउंटचं पहिलं आकर्षण दिसण्याचं असतं. दोन सिलिंडर बगलांखाली अंगाला समांतर, पाठ मोकळी, माणूस पाण्यात एकदम आडवा. हे शिकायचं ठरलं की आपल्याकडे पहिला प्रश्न विचारला जातो तो "कुठलं हार्नेस घेऊ?" मी स्वतः याच घाईत कोर्सच्या आधी हार्नेस, म्हणजे सिलिंडर अंगाला धरून ठेवणारा पट्ट्यांचा साज, मागवलं होतं आणि वर्षभराने ते निम्म्या किमतीला विकलं. म्हणून या लेखात सामान शेवटी ठेवलं आहे.

आधी थोडं मूळ. इंग्लंडमध्ये 1960 च्या दशकात गुहांमधल्या पाण्याने भरलेल्या अरुंद वाटा पार करताना शोधकांनी सिलिंडर पाठीवरून काढून कमरेला, कुशीला बांधले. पुढे फ्लोरिडाच्या झऱ्यांतल्या आणि मेक्सिकोच्या युकातानमधल्या गुहांत ही पद्धत घडत गेली. फ्लोरिडात पाणी साधारण 22 अंशांचं आणि सिलिंडर बहुतेक जड पोलादी, त्यामुळे तिथली हार्नेस दणकट आणि जास्त उचल देणारी, म्हणजे पाण्यात जास्त वजन तरंगवून धरणारी, झाली. मेक्सिकोत ॲल्युमिनियमचे सिलिंडर, म्हणून तिथलं सामान हलकं, सुटसुटीत. आपण अंदमान, कर्नाटकातलं नेत्राणी बेट किंवा थायलंडला डायव्ह करतो ते कोमट पाण्यात आणि ॲल्युमिनियमच्या सिलिंडरने. म्हणजे आपलं नातं मेक्सिकोच्या पद्धतीशी जवळचं. सामान निवडताना याचा उपयोग होईल.

पायरी 1: पाया तपासा

पॅडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या साइडमाउंट कोर्सला ओपन वॉटर (डायव्हिंगचं पहिलं) प्रमाणपत्र आणि वय किमान 15 वर्षं एवढीच अट आहे. एक सराव बंदिस्त पाण्यात, तीन डायव्ह खुल्या पाण्यात. माझं प्रामाणिक मत असं की एवढ्यावर घाई करू नये. पाच मीटरवर हात न हलवता तीन मिनिटं एका जागी थांबता येतं का, ते आधी बघा. येत नसेल तर बॉयन्सीवर, म्हणजे न बुडता न तरंगता एका पातळीवर राहण्यावर, अजून वीसेक डायव्ह करा. दोन सिलिंडर लावल्याने ती उणीव झाकली जात नाही, उलट दुप्पट दिसते. ज्यांनी अजून ओपन वॉटरही केलेलं नाही, त्यांच्यासाठी तारकर्लीला एमटीडीसीची डायव्हिंग संस्था आहे. सुरुवात तिथूनही करता येईल.

पायरी 2: शिक्षक निवडा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. शिक्षकाला सरळ विचारा: शिकवत नसताना तुम्ही स्वतः साइडमाउंट वापरता का? एका वेळी किती विद्यार्थी घेता? पहिला अर्धा दिवस कोरड्या जमिनीवर हार्नेस बसवण्यात घालवाल का? पाण्यातला त्यांचा बाजूने काढलेला व्हिडिओ मागा. त्यात सिलिंडर शरीराच्या रेषेत दिसले पाहिजेत, पोटाखाली लोंबकळताना नाहीत. तिसऱ्या प्रश्नाला "पाण्यात गेल्यावर बघू" असं उत्तर आलं तर दुसरा शिक्षक शोधा.

पायरी 3: जमिनीवर हार्नेस बसवा

साइडमाउंटची निम्मी विद्या इथेच आहे. प्रत्येक सिलिंडर दोन ठिकाणी धरलेला असतो. खाली पट्ट्याला बांधलेला बोल्ट स्नॅप (सरकत्या खिट्टीचा धातूचा हुक) कमरेमागच्या डी-रिंगला (डी आकाराच्या कडीला) किंवा प्लेटला अडकतो. वर व्हॉल्व्हला बंजीचा वेढा बसतो. ही रबरी दोरी पाठीमागून खांद्याखालून येते आणि छातीवरच्या डी-रिंगला बांधलेली असते.

बंजी सैल राहिली तर सिलिंडरची मान छातीपासून सुटून खाली झुकते. फार ताठ झाली तर एका हाताने ताणून व्हॉल्व्हवर चढवताच येत नाही. योग्य झाली की व्हॉल्व्ह बरोबर बगलेत बसतो आणि न बघता हात नॉबवर जातो. हे साधायला दोन-दोन सेंटिमीटरने गाठ सरकवावी लागते. माझ्या शिक्षिकेने पहिल्या दिवशी माझी गाठ पाच वेळा सोडून बांधली, आणि आज वाटतं की संपूर्ण कोर्सच्या फीचं मोल त्या पाच गाठींत होतं. खालच्या पट्ट्याचंही तसंच: तो सिलिंडरवर वरखाली सरकवून तुमच्या बगल ते कंबर अंतराशी जुळवायचा. त्यावर मार्करने खूण करा, भाड्याचा सिलिंडर बदलला तरी माप चुकत नाही.

पायरी 4: वजन आणि शेपूट

11.1 लिटरच्या ॲल्युमिनियम सिलिंडरमध्ये 200 बारला (बार म्हणजे दाबाचं एकक) सुमारे 2.7 किलो हवा असते. भरलेला सिलिंडर समुद्राच्या पाण्यात हलकेच बुडतो, रिकामा होत आला की जवळपास दोन किलोने वर उचलतो. त्यामुळे डायव्हच्या उत्तरार्धात सिलिंडरची मागची टोकं पाठीच्या वर तरंगायला लागतात. मला पहिल्यांदा हे कळलं ते शिक्षिकेने मागून येऊन सिलिंडर हलवून दाखवला तेव्हा. मी तोवर पाय का उचलले जातायत याचाच विचार करत होतो. उपाय सोपा: साधारण 120 बारच्या आसपास खालचा बोल्ट स्नॅप मागच्या रिंगमधून काढून कमरेच्या पुढच्या रिंगला लावायचा. बुडण्यासाठी घेतलेलं शिसं कमरेच्या पट्ट्यावर न लावता पाठीच्या कण्यावर लावलं तर शरीर आडवं राहतं. वजनाची तपासणी मात्र सिलिंडर 50 बारला आल्यावरच करा.

पायरी 5: हवेचा हिशेब

दोन सिलिंडर एकमेकांना जोडलेले नसतात. एक बंद पडला तर दुसऱ्यात पुरेशी हवा असलीच पाहिजे. म्हणून आलटून पालटून श्वास घ्यायचा. दोन्ही 200 बार असतील तर एकातून 170 पर्यंत, मग दुसऱ्यातून 140 पर्यंत, पुन्हा पहिल्यातून 110 पर्यंत. फरक कधीच 30 बारच्या पुढे जात नाही. दर बदलाला दोन्ही गेज वाचा.

उजव्या सिलिंडरचा रेग्युलेटर (तोंडात धरून श्वास घ्यायचं साधन) लांब, सुमारे 2.1 मीटर नळीवर असतो. जोडीदाराची हवा संपली तर तोच द्यायचा. तोंडात तो असेल तर तोंडातूनच काढून द्या आणि गळ्यातल्या रबरी माळेत अडकवलेला डाव्या सिलिंडरचा रेग्युलेटर आपल्या तोंडात घ्या. तोंडात डावा असेल तर लांब नळीचा रेग्युलेटर छातीच्या उजव्या रिंगवर असतो, तिथून खेचून द्या. हा सराव प्रत्येक डायव्हच्या सुरुवातीला जोडीदारासोबत करा. व्हॉल्व्ह बंद करून उघडणं, एक सिलिंडर मागून सोडून पुढे ढकलत पोहणं, हेही कोर्समध्ये येतं. ते शिक्षकाच्या नजरेखालीच शिका. आणि साइडमाउंटचं कार्ड म्हणजे गुहेत शिरण्याचा परवाना नव्हे. गुहेचं प्रशिक्षण पूर्ण वेगळं आहे आणि त्याशिवाय आत गेलेली माणसं जिवाला मुकली आहेत.

पायरी 6: आता सामान

विंगची, म्हणजे पाठीवरच्या हवा भरायच्या पिशवीची, उचल किती हवी? सुरुवातीला दोन सिलिंडरमधल्या हवेचं वजन साडेपाच किलोच्या आत, 3 मिमीचा वेटसूट खोलीवर दबून जाईल त्याचे एक-दोन किलो. म्हणजे 12 ते 15 किलो उचल पुरून उरते. फ्लोरिडाच्या पोलादी सिलिंडरसाठी बनवलेली मोठी विंग आपल्या पाण्यात नाकापेक्षा मोती जड होते. पाठीवर हवा इकडून तिकडे सरकत राहते. मेक्सिकोतल्या रेझर किंवा पोलंडच्या एक्सडीप स्टेल्थ धर्तीचं हलकं हार्नेस बघा. पण कोर्समध्ये किमान दोन प्रकार घालून बघितल्याशिवाय पैसे भरू नका.

रेग्युलेटरच्या दोन्ही फर्स्ट स्टेज (सिलिंडरच्या व्हॉल्व्हला जोडायचा भाग) एकाच बनावटीच्या, फिरणाऱ्या टरेटच्या (नळ्या जोडायच्या फिरत्या तोंडाच्या) घ्या, म्हणजे नळ्या सिलिंडरला लागून खाली उतरतात. गेज 15 सेंटिमीटरच्या छोट्या नळीवर. जोडणी डिन, म्हणजे व्हॉल्व्हमध्ये आट्यांनी फिरवून बसवायच्या, पद्धतीची. योक, म्हणजे व्हॉल्व्हवर बाहेरून आवळायची चौकट, बगलेत टोचतो. भाड्याच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह डिन घेतो का, हे निघण्याआधी सेंटरला फोन करून विचारा.

खरेदीचा क्रम माझ्या मते असा: आधी हार्नेस आणि विंग, मग नळ्या आणि स्नॅप, शेवटी दुसरा रेग्युलेटर. सिलिंडर विकत घेऊच नका, प्रवासात नेणं अवघड जातं.

बंजी खारं पाणी आणि उन्हाने वर्ष-दोन वर्षांत मरते. ताणल्यावर कापडी वेष्टणातून आतलं रबर दिसायला लागलं की त्याच दिवशी बदला. बॅगेत दीड मीटर बंजी आणि एक जादा बोल्ट स्नॅप कायम असू द्या.