बंदी म्हणून नेलेला, फ्रेंच होऊन राहिलेला पूर्वज पुण्यात बसून कसा शोधावा

नातवंडांसाठी वंशावळ लिहायला घेतली की एक बाजू भराभर भरत जाते. कुलवृत्तान्त कपाटात असतो, त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत पणजोबांची नोंद सापडते. अडते ती दुसरी बाजू, म्हणजे बॉस्टनकडची सून किंवा मॉन्ट्रियलचा जावई यांच्या घराण्याची. त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एकच वाक्य सांगत आलेले असते: आमचा एक पूर्वज मूळचा इंग्रज, लहानपणी त्याला धरून कॅनडात नेले आणि तो तिथेच फ्रेंच झाला. हे वाक्य दंतकथा समजून सोडून देऊ नका. असे अनेक जण खरोखर होऊन गेले, आणि त्यांचा कागदोपत्री माग आजही लागतो.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण तिच्यावरच शोधाची दिशा ठरते. १६८९ ते १७६३ या काळात इंग्लंड आणि फ्रान्स उत्तर अमेरिकेत चार वेळा लढले. फ्रेंच आणि त्यांच्या बाजूचे अबेनाकी, मोहॉक, वेंडॅट हे तिथले मूळ रहिवासी न्यू इंग्लंड या इंग्रज वसाहतींच्या सीमेवरच्या गावांवर छापे घालत आणि माणसे धरून उत्तरेला, फ्रेंच कॅनडात म्हणजे आजच्या क्वेबेककडे नेत. डोव्हर १६८९, सॅमन फॉल्स १६९०, यॉर्क १६९२, ऑयस्टर रिव्हर आणि ग्रोटन १६९४, वेल्स १७०३, डिअरफील्ड १७०४, हेव्हरहिल १७०८ हे त्यांतले मोठे छापे. एकट्या डिअरफील्डहून ११२ माणसे नेली आणि भर हिवाळ्यात त्यांना सुमारे ३०० मैल चालवले. पुढे बरेच जण खंडणी देऊन किंवा अदलाबदलीत सुटले. पण लहान मुलांपैकी अनेक जण तिकडेच राहिले, फ्रेंच घरांत वाढले, कॅथलिक झाले आणि तिथेच त्यांची लग्ने झाली. घरच्या गोष्टीतले गाव आणि साल यांतल्या एखाद्या छाप्याशी जुळते का, ते सर्वांत आधी पाहा.

आता पद्धत. बहुतेकांची पहिली चूक हीच असते की ते इंग्रज मुलापासून सुरुवात करतात आणि आडनावावरून खाली वंशज शोधत जातात. सुरुवात आजच्या माणसापासून करायची आणि एकेक लग्न धरत मागे जायचे. क्वेबेकच्या कॅथलिक विवाहनोंदीत वर आणि वधू दोघांच्याही आईवडिलांची नावे असतात, आणि बाई आयुष्यभर माहेरच्याच आडनावाने नोंदली जाते. लग्नानंतर नावासकट सगळे बदलायची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना ही केवढी सोय आहे, ते काम सुरू केल्यावर कळते. आजपासून १७१० पर्यंत साधारण नऊ-दहा लग्ने लागतात. लग्नांची साखळी पक्की झाली की जन्म-मृत्यूच्या नोंदी मागाहून भरता येतात.

ही साखळी हमखास तुटते ती पुनर्विवाहापाशी. विधुराच्या किंवा विधवेच्या दुसऱ्या लग्नात पाद्री बहुधा आईवडिलांऐवजी आधीच्या जोडीदाराचे नाव लिहितो. तिथे अडकून न पडता पहिले लग्न शोधा, आईवडील तिथे सापडतील.

नोंदी कुठे पाहायच्या? फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर मोफत खाते उघडले की क्वेबेकच्या कॅथलिक पॅरिशांची, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीची, रजिस्टरे १६२१ पासून पुढे प्रतिमांच्या रूपात दिसतात. द्रुएँ संग्रह याच रजिस्टरांचा, पण त्याला वर्गणी पडते. मॉन्ट्रियल विद्यापीठाचा पीआरडीएच हा प्रकल्प १९६६ पासून चालू आहे. त्यात जुन्या नोंदी कुटुंबवार जुळवून ठेवल्या आहेत, तोही पैसे भरून. आमचा सल्ला असा की पीआरडीएचमधून दिशा घ्यावी आणि प्रत्येक नोंदीची मूळ प्रतिमा स्वतः वाचावी. संग्रहालयाला किंवा पॅरिशला फोन करायचा असेल, तर मॉन्ट्रियलचे सकाळी ९ म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे ६:३० आणि हिवाळ्यात ७:३०.

आडनाव या कामात सर्वांत जास्त फसवते. फ्रेंच पाद्री कानावर पडले तसे लिहीत. ग्रोटनचा मॅथायस फार्न्सवर्थ १७०४ मध्ये वयाच्या चौदाव्या वर्षी धरला गेला, १७१३ मध्ये त्याने कॅथरिन शार्पंतियेशी लग्न केले, आणि त्याचे वंशज आज फानफ आहेत. डिअरफील्डच्या जोसाया रायझिंगचा इग्नास रेझेन झाला. स्टेबिन्सचे स्तेबेन झाले. बाप्तिस्म्याच्या वेळी पहिले नावही बदले. थँकफुल स्टेबिन्सची लुईझ-तेरेझ झाली, अ‍ॅबिगेल निम्सची एलिझाबेथ. थँकफुलसारखी नावे फ्रेंच पाद्र्याला उच्चारताही येत नसत आणि त्या नावाचा संतही नसे, म्हणून नवे नाव पुष्कळदा धर्ममातेचे, म्हणजे बाप्तिस्म्याला साक्षीला उभ्या राहणाऱ्या बाईचे, असे.

त्यातच ‘दी’ नावांची भर. लग्रँ दी लाव्हाले म्हणजे ‘लाव्हाले म्हणवणारे लग्रँ’. एक भाऊ लग्रँ लावतो, दुसरा लाव्हाले, आणि दोन पिढ्यांनी ती दोन घराणी वाटू लागतात. आपल्याकडे एकाच जोशी घराण्याची एक शाखा गावावरून ‘कर’ लावते आणि दुसरी कुलकर्णीपणावरून कुलकर्णी होते, तसेच हे. त्यामुळे प्रत्येक पूर्वजासमोर वहीत आडनावाची सगळी रूपे लिहून ठेवा आणि शोध घेताना एकेक रूप टाकून पाहा. एकोणिसाव्या शतकात कापडगिरण्यांत कामाला म्हणून हजारो क्वेबेककर न्यू इंग्लंडमध्ये आले, तेव्हा नावे पुन्हा उलटी फिरली. रुआचे किंग झाले, लब्लाँचे व्हाइट. एखादा किंग मुळात इंग्रजच असेल, असे धरून चालू नका.

साखळी मागे नेत नेत एखाद्या लग्नाच्या नोंदीत ‘आँग्लेज द नास्यों’, म्हणजे ‘इंग्रज राष्ट्राची’, असे शब्द दिसले की योग्य जागी पोहोचलात असे समजा. मग शोधायची ती त्या व्यक्तीची बाप्तिस्म्याची नोंद. या कामातला खरा पूल तीच. इंग्रज घर आणि फ्रेंच घर एकाच कागदावर सर्वांत स्पष्ट तिथे भेटतात. बाकी सगळे पुरावे तिच्या आजूबाजूचे.

ही नोंद सावकाश वाचा. साध्या फ्रेंच बाळाची नोंद चार-पाच ओळींत संपते, धरून आणलेल्या इंग्रजाची पुष्कळदा लांबते. आधी बाप्तिस्म्याचा दिवस येतो. मग ‘सू काँदिस्यों’, म्हणजे सशर्त, कारण प्रॉटेस्टंट बाप्तिस्मा आधी झाला असण्याची शक्यता पाद्र्याला सोडता येत नसे. त्यामागून वय किंवा जन्मतारीख, न्यू इंग्लंडमधले गाव, वडिलांचे नाव, आईचे माहेरचे नाव, कधी धरले, आणि सध्या कोणाच्या घरी राहते. शेवटी ‘पारँ’ आणि ‘मारेन’, धर्मपिता आणि धर्ममाता. मॉन्ट्रियलचे सुल्पिशियन या कॅथलिक संघाचे पाद्री आंरी-आंत्वान मेरिएल यांना इंग्रजी येत असे आणि त्यांनी अशा अनेकांना बाप्तिस्मा दिला. त्यांच्या हातची नोंद मिळाली तर भाग्य समजा. नोंद संपली म्हणून पान उलटू नका. खालच्या सह्या पाहा. सही करणारी आणखी एखादी इंग्रज बाई ही बहुधा त्याच छाप्यात धरलेली शेजारीण किंवा नातलग असते, आणि तिच्या नोंदीतून तुमच्या पूर्वजाचे गाव निघू शकते.

अक्षर लागत नसेल तर मोडी शिकताना करतो तेच करा. त्याच पाद्र्याच्या हातच्या दहा-बारा नोंदी घ्या, ओळखीच्या शब्दांतून त्याचे अ ते झेड काढा आणि तक्ता समोर ठेवा. नोंदींची भाषा साचेबंद असते. तीस-चाळीस फ्रेंच शब्द पाठ झाले की तीन चतुर्थांश मजकूर लागतो. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा आलियाँस फ्रान्सेझमध्ये फ्रेंच शिकलेले कुणी घरात असेल तर काम आणखी सोपे. मात्र जुनी वर्णरचना आजच्या फ्रेंचपेक्षा वेगळी असते, हे त्यांना आधी सांगा.

तारखांचे गणित न केल्याने खरी जुळणी हातची जाते. त्या काळी इंग्रज वसाहतीत जुनी ज्युलियन कालगणना होती आणि नवे वर्ष २५ मार्चला लागे. फ्रेंच वसाहतीत आपली आजची ग्रेगोरियन. दोन्हींत १७०० च्या फेब्रुवारीपर्यंत १० दिवसांचे अंतर, पुढे ११ दिवसांचे. इंग्रजांनी १७५२ मध्ये कालगणना बदलेपर्यंत ते तसेच राहिले. डिअरफील्डचा छापा इंग्रज कागदांत २९ फेब्रुवारी १७०३/०४ असा येतो, फ्रेंच हिशेबाने तो ११ मार्च १७०४. शकात ७८ मिळवायचे की ७९, हे महिना पाहिल्याशिवाय ठरत नाही. इथेही जानेवारी ते २४ मार्चमधल्या प्रत्येक इंग्रज तारखेपाशी थांबून वर्ष कोणते ते ठरवावे लागते. वहीत मूळ तारीख आणि बदललेली तारीख दोन्ही लिहा. फक्त बदललेली लिहिली तर पुढचा माणूस तीत पुन्हा ११ दिवस मिळवतो.

बाप्तिस्म्याच्या नोंदीतून आईवडील आणि गाव मिळाले की मग इंग्रज बाजूला जायचे. गावाच्या जन्मनोंदीत त्या आईवडिलांना त्या वयाचे मूल असायला हवे, आणि त्या मुलाचे तिकडे लग्न किंवा मृत्यू नोंदलेला नसावा. धरून नेलेल्यांच्या समकालीन याद्याही आहेत. ऑक्टोबर १६९५ मध्ये मॅथ्यू केरी क्वेबेकहून काही जणांना सोडवून घेऊन आला, त्याच्या यादीत सुटलेले आणि मागे राहिलेले असे दोन्ही आहेत. एमा लुईस कोलमन यांनी १९२५ मध्ये दोन खंडांत ‘न्यू इंग्लंड कॅप्टिव्हज कॅरीड टू कॅनडा’ प्रसिद्ध केले, त्यात बंदिवानांची गावोगावची माहिती आहे. ते जरूर पाहा, पण तिथे नाव सापडले म्हणून मूळ नोंद वाचायचे टाळू नका.

इंग्रज बाजूचा सर्वांत बोलका कागद म्हणजे आईवडिलांचे मृत्युपत्र. डिअरफील्डचे जॉन स्टेबिन्स यांनी कॅनडात राहिलेल्या मुलांनाही जमिनीत वाटा ठेवला, पण अट घातली की परत येऊन न्यू इंग्लंडमध्ये राहायला हवे. न येणाऱ्याला प्रत्येकी पाच शिलिंग. छाप्याला वीसेक वर्षे उलटून गेल्यावरही बाप मुलांची वाट पाहत होता, हे त्या एका अटीतून कळते. शोधकाला त्यातून मिळतात ती मुलांची नावे आणि ती हयात असल्याचा पुरावा. डिअरफील्ड त्या वेळी हॅम्पशायर काउंटीत होते, म्हणून त्याची वारसा-कागदपत्रे त्या काउंटीच्या दप्तरात पाहायची, आजच्या फ्रँकलिनच्या नव्हे.

फ्रेंच बाजूला आणखी दोन कागद पाहावेत. एक नोटरीपुढचा विवाहकरार. तो बहुधा लग्नाच्या काही दिवस आधी होई, आणि त्यात आईवडील, स्त्रीधनासारखी रक्कम आणि हजर नातलग येतात. क्वेबेकच्या राष्ट्रीय ग्रंथालय-संग्रहालयाने नोटरींची दप्तरे ऑनलाइन ठेवली आहेत. दुसरा कागद नागरिकत्वाचा. १७१० मध्ये आणि पुन्हा १७१३ मध्ये फ्रेंच राजाने तिथे राहिलेल्या अनेक इंग्रजांना नागरिकत्वाची पत्रे दिली, त्यांत नावे एकत्र मिळतात. वर्णरचना मात्र ओळखू न येण्याइतकी बदललेली असते, म्हणून मोठ्याने वाचून पाहा.

माग फ्रेंच वस्तीत लागत नसेल तर तीन शक्यता तपासा. मूल मोहॉक घरात दत्तक गेले असेल. पाद्री जॉन विल्यम्स यांची सात वर्षांची युनिस डिअरफील्डहून नेली, ती मॉन्ट्रियलजवळच्या कानावाके या मोहॉक गावात वाढली, तिथेच मोहॉक नवरा केला आणि वडिलांनी विनवण्या करूनही परतली नाही. अशांचा शोध मिशनच्या रजिस्टरांत मोहॉक नावाने घ्यावा लागतो. मुलगी जोगीण झाली असेल, जशी वेल्सची एस्थर व्हीलराइट. ती क्वेबेकच्या उर्सुलिन जोगिणींच्या मठात गेली आणि १७६० मध्ये मठप्रमुख झाली. तेव्हा वंश तिच्यापासून चालत नाही, तिच्या भावंडांकडे वळा. किंवा पूर्वज परत आला असेल. अ‍ॅबिगेल स्टेबिन्स आणि जाक द नोयाँ यांचा एक मुलगा डिअरफील्डलाच राहिला आणि त्याचे आडनाव डेनियो झाले.

डीएनए चाचणीवर विसंबू नका. दहा पिढ्यांपूर्वीच्या एका पूर्वजाचा अंश साध्या चाचणीत दिसण्याची शक्यता फार थोडी. शिवाय क्वेबेकमध्ये मोजक्या कुटुंबांतून लोकसंख्या वाढल्यामुळे जुळण्या ढिगाने येतात आणि नाते खरे असते त्यापेक्षा जवळचे भासते. अखंड पुरुषवंश असेल, म्हणजे फानफ घराण्यातला आजचा पुरुष आणि फार्न्सवर्थ घराण्यातला पुरुष, तर वाय गुणसूत्राची तुलना उपयोगी ठरते. अखंड स्त्रीवंशाला मायटोकाँड्रियाची चाचणी.

वंशावळीत नाव लिहिताना दोन्ही नावे लिहा, जन्माचे आणि बाप्तिस्म्याचे, आणि प्रत्येकापुढे कोणत्या रजिस्टरातून, कोणत्या पॅरिशची, कोणत्या दिवसाची नोंद ते लिहा. आईवडिलांची नावे असलेली बाप्तिस्म्याची किंवा लग्नाची नोंद मिळाली नसेल, तर त्या दुव्याखाली पेन्सिलने ‘अनुमान’ लिहून ठेवा आणि शाई तेवढ्यापुरती थांबवा.