ब्रिटिश स्लँगचं मूळ शोधताना या चुका टाळा

सर्वात जास्त फसवतात त्या रंगतदार गोष्टी. 'पॉश'चंच घ्या. भारतात येताना बोटीची डावी बाजू सावलीची, परतताना उजवी. म्हणून श्रीमंतांच्या तिकिटांवर 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम'ची आद्याक्षरं छापायचे, असं छातीठोकपणे सांगतात. तसं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही. शिवाय ही कथा छापून येऊ लागली १९३०च्या दशकात, आणि शब्द त्याआधीच रुळलेला होता. आद्याक्षरं जोडून शब्द घडवायची पद्धतही पहिल्या महायुद्धापूर्वी क्वचितच दिसते. अशी गोष्ट कानावर आली की शब्द पहिल्यांदा कधी छापला गेला आणि गोष्ट कधी, या दोन तारखा आधी ताडून बघा.

नुसत्या उच्चारावरही जाऊ नका. 'कुशी जॉब' म्हणजे आरामाची नोकरी, पण त्याचा कुशनशी संबंध नाही. गोऱ्या पलटणींनी उचललेला तो आपल्याकडचा 'खुश'. मायदेशाला ते 'ब्लायटी' म्हणत, तीही 'विलायती'च, उत्तरेकडच्या 'बिलायती' उच्चारातून गेलेली.

'डूलॅली' म्हणजे डोकं फिरलेला. हा शब्द थेट नाशिकजवळच्या देवळालीचा. मुदत संपलेले गोरे शिपाई तिथल्या छावणीत बोटीची वाट बघत महिनोन्‌महिने पडून असत. उकाडा, रिकामपण, दारू, हिवताप. माणूस भ्रमिष्ट होणारच. मूळ प्रयोग 'डूलॅली टॅप' असा आहे. इथे 'टॅप' म्हणजे नळ किंवा टिचकी समजणं ही नेहमीची चूक. तो आपला 'ताप'! पुढे 'टॅप' गळला आणि गावाचं नाव तेवढं उरलं.

शेपूट गळण्याचा हा प्रकार लंडनच्या ईस्ट एंडमधल्या यमक-बोलीत तर नेमानेच होतो. 'हॅव अ बुचर्स' ऐकून खाटीक शोधू नका. पूर्ण जोडी 'बुचर्स हुक', तिचं यमक 'लुक'शी. म्हणजे 'बघ जरा'. 'यूज युअर लोफ'मध्येही पाव नाही: 'लोफ ऑफ ब्रेड' जुळतं 'हेड'शी, म्हणजे डोकं चालव. आधी गळलेला शब्द शोधा, मग त्याचं यमक.

पैशांच्या शब्दांत हिशेब चुकतो. 'बॉब' म्हणजे शिलिंग. १५ फेब्रुवारी १९७१ पूर्वी १२ पेन्सचा शिलिंग आणि २० शिलिंगांचा पौंड होता. त्यामुळे 'टेन बॉब' म्हणजे अर्धा पौंड, आजचे ५० पेन्स. १० पेन्स नव्हे.