डेल्टा टाइमने गुणलं की झालं?

डेमोला वीस मिनिटं असताना लॅबच्या मॉनिटरवर माझ्या गेममधली गाडी ब्रेक दाबताच गचके खात थांबायला लागली. घरच्या लॅपटॉपवर हीच गाडी झकास घसरत थांबायची. लॅपटॉप ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम (चित्रं) दाखवणारा, लॅबचा मॉनिटर १४४चा. इंग्लंडात गेम प्रोग्रॅमिंगमध्ये एमएस्सी, पहिलंच सेमिस्टर, सी प्लस प्लसमध्ये स्वतः लिहिलेलं गेम इंजिन आणि मी घाम पुसत आकडे बदलत बसलेली.

डेल्टा टाइम, म्हणजे मागच्या फ्रेमपासून गेलेला वेळ, तुम्हाला माहीत असतो. मलाही होता! वेग, गुरुत्वाकर्षण, सगळ्याला गुणलं होतं. एकच ओळ सुटली: दर फ्रेमला वेग गुणिले ०.९. दिसायला गरीब गाय. पण सेकंदाला ६० फ्रेम असतील तर वेग निम्मा व्हायला ०.११ सेकंद लागतात, १४४ला जेमतेम ०.०४६. आणि इथे ०.९लाच डेल्टा टाइमने गुणू नका. मी गुणलं, गाडी जागेवर खिळली. ०.९चा घात घ्यायचा, घातांक डेल्टा टाइम गुणिले ६०.

त्याहून बरं म्हणजे फिजिक्स, म्हणजे हालचालीचं गणित, ठरावीक वेळेच्या पावलांनी चालवा. युनिटी या तयार गेम इंजिनात त्यासाठी फिक्स्डअपडेट असतं, त्याचं पाऊल मुळात ०.०२ सेकंदाचं. स्वतःच्या इंजिनात गेलेला वेळ साठवायचा, पाऊलभर साठला की एक पाऊल टाकायचं. साठ्याला वरून मर्यादा घालाच. नाहीतर ब्रेकपॉइंटवर (चूक शोधताना कोड थांबवतो त्या ओळीवर) थांबून चार मिनिटं चहाला जा. परत आल्यावर गेम १२,००० पावलं एका दमात टाकायला बघेल आणि तुम्हाला वाटेल मशीन गेलं.

'इंजिन आहे ना, गणित कशाला' म्हणणाऱ्या सीनियरांचं ऐकू नका. ट्यूटोरियलमधून किंवा एआयकडून उचललेला कोड चालतोही, पण व्हायवाला 'हा ०.९ कुठून आला?' विचारलं की तोंड उघडत नाही. आमच्या लॅबमधल्या ट्यूटरने माझी चूक सांगितली नाही, फक्त फ्रेमरेट ३०वर आणून म्हणाला, आता चालव. तेव्हा भयंकर राग आला होता. आता वाटतं, तेवढंच शिकले त्या सेमिस्टरला.

घाबरू नका, मात्र सबमिशनच्या आदल्या रात्री ३०, ६० आणि १४४, तिन्हींवर खेळून बघा. दहा मिनिटांचं काम आहे. मला त्या डेमोला ५२ पडले. पास ५०ला होतं.