केबल बंद करायची? आधी राउटरपासून टीव्हीपर्यंत वायर ओढा

केबल बंद करून टीव्हीला इंटरनेटवरून चालणारी स्टिक लावली आणि थोड्या दिवसांत परत केबलवाल्याला फोन केला, अशी घरं गोव्यात डिचोली, पेडणे, फोंड्याच्या बाजूला पुष्कळ आहेत. ऐन मालिकेच्या वेळी पडद्यावर चक्र गरगरत बसलं की घरातली माणसं वैतागतात, आणि ती एकदा वैतागली की सगळा खटाटोप तिथेच संपतो. खापर फुटतं इंटरनेट कंपनीवर. मी जी घरं लावून दिली, त्यांतल्या बहुतेकांत फायबर घरातल्या पेटीपर्यंत व्यवस्थित आलेलं होतं. अडचण होती पुढच्या तीसेक फुटांत, राउटर ते टीव्ही या पट्ट्यात. कुठली स्टिक घ्यावी यावर लोक तासन्‌तास बोलतात, या तीस फुटांबद्दल कोणी बोलत नाही. म्हणून या लेखाचा मोठा भाग त्यावरच खर्च करणार आहे.

घरात काय बघतात ते आधी लिहून काढा

झी मराठीच्या मालिका झी५ वर, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी जिओहॉटस्टारवर, सोनी मराठी सोनीलिव्हवर. गोव्यातल्या बातम्यांच्या वाहिन्या यूट्यूबवर थेट दिसतात. दूरदर्शनसाठी प्रसार भारतीचं वेव्ह्ज हे ॲप आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये आपल्या इथल्याच इफ्फी या चित्रपट महोत्सवात ते सुरू झालं. घरात जे खरोखर बघितलं जातं तेवढ्याचीच वर्गणी भरा. सगळीच ॲप्स घेतलीत तर केबलपेक्षा महाग पडेल. ज्यांना इंटरनेट बंद पडण्याची धास्ती वाटते त्यांनी छपरावर डीडी फ्री डिश बसवावी. तिला मासिक भाडं नाही. मुसळधार पावसात तिचं चित्र जातं, पण पाऊस ओसरला की परत येतं.

पेटी घ्या, स्टिक टाळा

टीव्ही चार-पाच वर्षांहून जुना असेल तर त्याच्यातल्या ॲप्सवर विसंबू नका, अपडेट थांबलेले असतात. साध्या स्टिकला नेटवर्कच्या वायरीचं पोर्ट नसतं, वेगळा अडॅप्टर घ्यावा लागतो. त्यापेक्षा पोर्ट असलेली गुगल टीव्हीची पेटी घ्या. स्टिक आधीच घेतली असेल तर ती टीव्हीच्या पाठीला थेट खोचू नका. सोबत आलेली छोटी एचडीएमआय एक्स्टेन्शन वापरा, नाहीतर टीव्हीचा पत्रा सिग्नल अडवतो.

वायर

आपल्याकडची घरं चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची. नव्या घरातल्या भिंती नऊ इंची, जुन्या घरातल्या दीड-दोन फुटी. राउटर सोप्याच्या, म्हणजे पुढच्या ओसरीच्या बाजूला, कारण फायबर तिथूनच आत येतं, आणि टीव्ही दोन भिंती पलीकडे. ५ गिगाहर्ट्झचा वायफाय वेगवान खरा, पण अशा दोन भिंतींत संपून जातो. २.४ गिगाहर्ट्झचा पोचतो, पण वेग कमी आणि शेजाऱ्यांच्या राउटरांची गर्दी त्याच पट्ट्यात. त्यात चिरा सच्छिद्र. पावसाळाभर तो पाणी पितो, आणि पाणी रेडिओ लहरी शोषून घेतं. मे महिन्यात सुरळीत चाललेलं जुलैत अडखळतं त्याचं कारण बहुधा हेच. वायफायची परीक्षा घ्यायचीच असेल तर भर पावसात घ्या.

यावर दुकानदार सांगतो, वायफाय पुढे पोचवणारा एक्स्टेंडर लावा. नका लावू. स्वस्तातला एक्स्टेंडर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुढे बोलतो, म्हणजे वेग जवळपास निम्मा होतो. सिग्नलच्या सगळ्या दांड्या भरलेल्या दिसतात आणि चित्र मात्र अडकतं. विजेच्या वायरिंगमधून नेटवर्क नेणारे अडॅप्टरही जुन्या घरात घेऊ नका. घरात थ्री फेज असेल आणि दोन खोल्या वेगवेगळ्या फेजवर असतील तर ते बहुधा एकमेकांना दिसतही नाहीत.

‘नेटफ्लिक्सला किती लागतं हो, वायफायवर भागेल,’ असंही ऐकवतात. नेटफ्लिक्स ४के साठी १५ एमबीपीएस सुचवतं, हे बरोबर. पण घरचे व्हिडिओ त्याहून कितीतरी जड असतात. आयफोनवर ४के, ६० फ्रेमने काढलेला व्हिडिओ मिनिटाला सुमारे ४०० एमबी होतो, म्हणजे सेकंदाला साधारण ५३ मेगाबिट. घरात मीडिया सर्व्हर, म्हणजे आपले व्हिडिओ साठवून टीव्हीकडे पाठवणारा संगणक, ठेवायचा तो आपली लग्नं, चवथीच्या आरत्या, गावच्या नाटकाचं चित्रीकरण बघायला. नेमकं तेच अडकलं तर सर्व्हरचा उपयोग काय?

नेटवर्कची वायर कॅट ६ प्रकारची घ्या आणि शुद्ध तांब्याचीच घ्या. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर सर्रास मिळते, आवरणावर कधी सीसीए असं छापलेलं असतं, आणि किंमत बघून माणूस भुलतो. छापील मजकुरावरून कळलं नाही तर एक तार सुरीने खरवडून बघा. आत पांढरी चमक दिसली की परत करा. ती वाकवताना तुटते आणि आपल्या खाऱ्या दमट हवेत टोकाशी लवकर खराब होते. लांबीची चिंता करू नका, १०० मीटरपर्यंत चालते.

वाट शक्यतो माळ्यावरून काढा, पण नळीतून. कौलारू घराच्या माळ्यावर उंदीर असतातच, आणि उघडी वायर ते एका पावसाळ्यात कुरतडतात. २० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप पुरतो. विजेच्या वायरींपासून फूटभर अंतर ठेवा. ओलांडायचीच वेळ आली तर काटकोनात ओलांडा. वायरमन दोन्ही एकाच पाइपात कोंबायला बघतो, सोपं पडतं म्हणून. उभे राहून काम करून घ्या.

भिंतीला भोक पाडताना घाई नको. चिरा मऊ असतो, हॅमरवर ड्रिल लावून एका दमात आरपार गेलात तर पलीकडच्या बाजूला गिलाव्यासकट ढलपा निघतो. शेवटचे दोन इंच हॅमर बंद करून हळू जा. भिंत बाहेरची असेल तर भोक बाहेरच्या बाजूला उतरतं ठेवा. उलटं ठेवलंत तर पागोळ्यांचं पाणी वायरीवरून सरळ घरात येईल. वायर ओढून झाली की सिलिकॉनने बुजवा. आणि प्लग न लावता ओढा, म्हणजे भोक लहान राहतं.

आता प्लग, आणि सगळ्यांत जास्त घोळ इथेच होतो. दोन्ही टोकांना क्रम एकच: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. पीळ अर्ध्या इंचाहून जास्त सोडवू नका. तारांची टोकं प्लगच्या पुढच्या भिंतीला टेकलेली दिसली पाहिजेत, आणि बाहेरचं निळं किंवा करडं आवरण प्लगच्या आत शिरून मागच्या खाचेखाली दाबलं गेलं पाहिजे. आवरण बाहेर राहिलं तर आज चालेल, टीव्ही पुसताना कोणीतरी ओढली की निसटेल. पहिले दोन-तीन प्लग फुकट जातातच, दहाचं पाकीट आणा.

‘चार तारा पुरतात’ असं म्हणणाऱ्याच्या हातात क्रिम्पिंगचं हत्यार देऊ नका. चार तारांवर १०० एमबीपीएस मिळतात, हजारासाठी आठही लागतात. चाचणी टीव्हीवर करू नका, कारण टीव्हीचं स्वतःचं पोर्टच बहुधा १०० चं असतं. गिगाबिट पोर्टाचा लॅपटॉप त्या टोकाला जोडा आणि नेटवर्कच्या सेटिंगमध्ये लिंकचा वेग बघा. १००० दिसले तर काम झालं. १०० दिसले तर बहुधा एखादी तार नीट बसलेली नाही. प्लग कापा आणि नवा लावा.

भाड्याच्या घरात भोक पाडता येत नसेल तर चपटी कॅट ६ दाराच्या फटीतून, भिंतीच्या कडेने न्या. मेश राउटर, म्हणजे एकमेकांना जोडून चालणारे दोन-तीन राउटर, घेणार असाल तर तेही आतून वायरीनेच जोडा. आणि मुख्य घरातून अंगणापलीकडच्या दुसऱ्या घरात न्यायची असेल तर तांब्याची वायर अजिबात नको, फायबर घाला. मे आणि ऑक्टोबरमधल्या गडगडाटात उघड्यावरची तांब्याची वायर दोन्ही टोकांची यंत्रं घेऊन जाते.

सर्व्हर

घरात पडून असलेला इंटेलचा लॅपटॉप उत्तम. सातव्या पिढीचा किंवा नंतरचा प्रोसेसर असेल तर हल्लीच्या फोनचे १०-बिट एचईव्हीसी या दाबलेल्या प्रकारातले व्हिडिओही तो हार्डवेअरवर उलगडतो. वीज गेली की लॅपटॉपची बॅटरी यूपीएसचं काम करते. मात्र चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर लावा, आणि बॅटरी फुगलेली दिसली तर त्याच दिवशी काढून टाका. नवीनच घ्यायचं तर एन१०० प्रोसेसरची मिनी पेटी घ्या. रास्पबेरी पाय स्वस्त म्हणून सुचवतात, पण व्हिडिओचं टीव्हीला चालेल अशा प्रकारात रूपांतर करायची वेळ आली की तिथे दम तुटतो.

सॉफ्टवेअर जेलीफिन. डिसेंबर २०१८ मध्ये ते एम्बी या तशाच सॉफ्टवेअरपासून फुटून निघालं, मुक्त आहे, एक पैसा मागत नाही. त्याच कामाचं प्लेक्स दिसायला देखणं, पण हार्डवेअर रूपांतराला पैसे मोजावे लागतात. जेलीफिन बसवा, त्याच लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये localhost:8096 हा पत्ता उघडा, फोल्डर दाखवा. झालं.

लग्नाच्या जुन्या डीव्हीडींच्या मेकएमकेव्ही या सॉफ्टवेअरने एमकेव्ही फायली करून ठेवा, चित्राचा दर्जा तोच राहतो. बुरशी लागलेली डीव्हीडी आधी धुऊन, मऊ कापडाने मधून कडेकडे पुसा. फायलींना नावं देताना प्रसंग आणि वर्ष लिहा, आणि सगळ्याची एक प्रत दुसऱ्या हार्ड डिस्कवर काढून दुसऱ्या घरी ठेवा.

वायर असूनही एखादा व्हिडिओ अडकला तर जेलीफिनच्या डॅशबोर्डवर बघा. ‘ट्रान्सकोडिंग’, म्हणजे वर सांगितलेलं रूपांतर, दिसलं तर दोष नेटवर्कचा नाही, टीव्हीला तो प्रकार चालत नाही. हार्डवेअर ॲक्सिलरेशन चालू करा. सबटायटल्स चित्राच्या स्वरूपात असतील तर बंद करून बघा किंवा एसआरटी ही मजकुराची फाइल वापरा.

रिमोट घरच्यांच्या हातात

होम स्क्रीनवर चार ॲप्स ठेवा, बाकी सगळी काढा. सोप्यावर बसणाऱ्या आजीला जे बघायचं ते दोन दाबांत यायला हवं. तुम्ही स्वतः बाजूला बसून तिला लावू द्या; कुठे अडखळते ते कळेल, आणि तेवढंच बदला. राउटर आणि फायबरची पेटी छोट्या डीसी यूपीएसवर टाका, वीज गेल्यावर तीच आधी बंद पडतात.

केबल महिनाभर चालू ठेवा, आणि तो महिना पावसाळ्यातला असला तर चांगलंच. महिन्याभरात सेट टॉप बॉक्स कोणी मागितला नाही, तर तो केबलवाल्याला परत करा. अनामत भरली असेल तर मागून घ्या आणि जोडणी बंद केल्याचं लेखी किंवा मेसेजवर घ्या, नाहीतर बिलं येत राहतात.